एका रांगेत सहा तिकिटं

माझ्या माहेरचे आणि सासरचे दीड वर्ष एकमेकांशी बोलत नव्हते, आणि त्याला कारण एक फुलदाणी होती. (सासरच्यांच्या मते ती पिकदाणी होती. भांडण त्याच मुद्द्यावर होतं.)

लग्नात अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, व्याह्यांना बिदरीचं एक भांडं दिलं. काळंभोर, त्यावर चांदीची वेलबुट्टी, खाली घागरीसारखं गोल आणि वर पसरट तोंड. बीदरच्या कारागिराकडे तीन तास बसून, त्याचं डोकं खाऊन त्यांनी ते निवडलं होतं. माझे सासरे दिवसभर पान खातात. ते भांडं बघून मामंजींचे डोळेच भरून आले. 'व्याह्यांनी माझी सवय ध्यानात ठिवली!' असं ते आपल्या गावात, कडगंचीत घरोघर सांगत फिरले. पंधरा दिवसांनी अप्पा लेकीचं सासर बघायला गेले, तर ती चांदीची वेलबुट्टी पलंगाखाली, आणि मामंजी तिच्यात नेम धरून थुंकायलेत!

"अवो, फुलदाणी हाय ती!" अप्पा किंचाळले.

"नवाबाच्या काळापासनं असल्या भांड्यात थुंकत्यात, पाव्हणं. तुमाला ठावं न्हाई का?"

आता खरं सांगायचं तर दोघंही बरोबर होते. बिदरीच्या पिकदाण्या असतातच. पण दोघंही बरोबर असले की भांडण मिटवायचं कसं? अप्पा चहा न पिता उठले ते थेट आपल्या गावी, कमठाण्याला गेले. तेव्हापासून दोन्हीकडे फक्त राग!

मी आणि माझा नवरा संतोष बीदरला भाड्याच्या घरात राहतो. मी शाळेत शिकवते, तो ऑफिसात असतो. दोन्हीकडचे फोन आम्हालाच यायचे आणि दोन्हीकडचे टोमणे आम्हीच गिळायचे. इथवर मी सगळं सोसलं. पण मला सातवा महिना लागला आणि अप्पांनी फोनवर जाहीर केलं, "बाळंतपण कमठाण्यालाच. पण त्या थुंक्यानं माझ्या दारात पाय ठिवायचा न्हाई!" ही बातमी कडगंचीला कशी पोचली देव जाणे. दुसऱ्याच दिवशी मामंजी म्हणाले, "मग बारसं आमी हितं करू. त्यांना बोलवायचं न्हाई. नावबी आमीच ठिवू." मी शाळेतून आल्या आल्या चप्पलसुद्धा न काढता अर्धा तास स्वयंपाकघरात एकटीच ओरडत होते. भांडी शांतपणे ऐकत होती. तेवढीच एक जमात माझं ऐकते.

त्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये एका बाईंनी नव्या हिंदी पिक्चरची स्टोरी सांगितली. दोन खानदानं. एक लाल पटकेवालं, एक निळं. एका म्हशीवरून पिढ्यान्‌पिढ्या मारामारी. माणसं हवेत उडतात, खाटा मोडतात, हसून हसून पुरेवाट होते. आणि शेवटी सगळे रडत रडत गळ्यात गळे घालतात.

घरी आल्यावर माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. (हा उजेड पडतो तेव्हा संतोष घराबाहेर जातो. यावेळी तो नेमका आंघोळीला गेला होता.) दोन्ही म्हाताऱ्यांना हा पिक्चर दाखवायचा! एका रांगेत बसवायचं, हसवायचं, रडवायचं आणि शेवटी दिवे लागले की एकमेकांपुढे उभं करायचं. मन वितळलेलं असतानाच.

मी दोन फोन केले. "अप्पा, मला डोहाळा लागलाय."

"काय खावं वाटायलंय? चिंच? भुईमुगाच्या शेंगा?"

"पिक्चर. तुम्ही अन् आई शेजारी बसून बघायचा."

अप्पांनी फोन तोंडापासून लांब धरला. मग अप्पा हळूच आईला म्हणाले, "पिक्चरचा डोहाळा आसतो का गं?" पण डोहाळ्याला नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही. कडगंचीलाही तेच सांगितलं. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या तर म्हणाल्या, "पोरगं हिरो हुतंय बघ!"

दोन्ही पार्ट्यांना वाटत होतं की फक्त आपल्यालाच बोलावलंय. संतोषला मी हे आदल्या दिवशी सांगितलं. तो म्हणाला, "माझं उद्या ऑफिसात काम हाय." दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी नुसतं बघितलं. "रजा काढतो," तो म्हणाला.

रविवारी दुपारचा शो. बसायचा क्रम मी वहीत काढून ठेवला होता: वाटेच्या कडेला आई, मग अप्पा, मग मी, माझ्या पलीकडे संतोष, मग आत्या, आणि पार भिंतीला मामंजी. म्हणजे मधे मी, आणि माझ्या पोटासारखी दुसरी भक्कम भिंत नाही. कमठाण्याची पार्टी आधी आणून बसवली. कडगंचीच्या पार्टीला दोन बस बदलून यायचं असल्यामुळे उशीर झाला, आणि तो झाला तेच बरं. दिवे गेल्यावर संतोषनं त्यांना अंधारातच आमच्या पुढून आत सरकवलं; अप्पांनी पडद्यावरची नजरसुद्धा काढली नाही. मी अंधारात स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन बसले. ते सुख जेमतेम दहा मिनिटं टिकलं.

पडद्यावर निळ्या पटक्याचा म्हातारा मिशी पिळत आला. अप्पा मोठ्यानं म्हणाले, "ह्यो बघ. आगदी आपल्या व्याह्यासारखा! नाक बघ, नाक!"

आईनं त्यांना चिमटा काढला. मी खोकले. तेवढ्यात लाल पटक्याचा म्हातारा आला, आणि भिंतीकडून आवाज, "हे बेणं कमठाण्याचं दिसायलंय!"

मी पुन्हा खोकले. संतोषही खोकला. मागून कुणीतरी म्हणालं, "दवाखान्यात जावा की वो!"

नशिबानं पडद्यावर मारामारी सुरू झाली. एका झाऱ्यानं बारा माणसं उडवली जात होती, त्या धडामधुडूममध्ये काही ऐकू येईना. अप्पा लाल पार्टीत सामील झाले होते. "हाण! त्या निळ्याला हाण!" मामंजी निळ्यांकडून होते. "सोडू नगंस लाल्याला!" दोघंही अर्धे उठून हातवारे करायलेत आणि मधे मी, सात महिन्यांची, दोन्हीकडून खोकतेय! मला हसू यायला हवं होतं. पण मला इतका राग आला की बाळानं आतून लाथ मारली. त्याला निदान राग काढायला जागा होती.

मग एकदम मारामारी थांबली. हिरोची आई देवापुढे रडायला लागली, थिएटर चिडीचूप झालं, आणि त्या शांततेत मामंजी स्पष्ट म्हणाले, "कमठाण्याच्या माणसाला भांड्यातलं काय कळतंय!"

अप्पा ताठ झाले. "कोण बोललं ते?"

"पिक्चरमधलं आहे, अप्पा," मी म्हणाले. "हल्ली टॉकीजात चारी बाजूंनी आवाज येतो."

"पिक्चरमधल्या माणसाला कमठाणा कसं ठावं?"

आणि तेवढ्यात इंटर्व्हल झालं! माझ्या वहीत क्रम होता, वेळ होती, बसचा नंबर होता. मधे दिवे लागतात, हे मात्र मी साफ विसरले होते.

मी पटकन पदर पसरून अप्पांच्या तोंडासमोर धरला. "वारा घालते, अप्पा. घामाघूम झालात." त्यांनी पदर बाजूला केला. पण खरं संकट भिंतीकडून निघालं होतं. मामंजींचं तोंड पानानं गच्च भरलं होतं, त्यांना बाहेर जाऊन थुंकायचं होतं, आणि वाट होती आमच्या बाजूला. मान वर करून, गाल फुगवून, सगळ्यांच्या गुडघ्यांना घासत ते निघाले. आत्यांना ओलांडलं, संतोषला ओलांडलं, माझ्यासमोर हातानंच 'सांभाळ गं पोरी' अशी खूण केली, आणि अप्पांच्या पुढ्यात येऊन थांबले. दोघांची नजरानजर झाली.

"तुम्ही?" अप्पा ओरडले.

"ऊं!" मामंजी म्हणाले.

"हितं कामून आलाव?"

"ऊं! ऊं ऊं!"

"बोला की आता! अंधारात लई बोलायलाव!"

मामंजींचे डोळे बाहेर आले. चेहरा लाल, गाल फुगलेले, मान छताकडे. बोलावं तर अप्पांचा पांढरा सदरा धोक्यात!

"थुंका, थुंका!" अप्पा म्हणाले. "फुलदाणी आणू का?"

आणि मामंजींनी काय करावं? दीड वर्षाचा राग एकीकडे आणि तोंडभर तंबाखूचं पान दुसरीकडे. त्यांनी डोळे मिटले आणि सगळं गिळलं! आत्या "अगं बाई" म्हणून उठल्या. मामंजींना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, पण आवाज मोकळा झाला. "माझ्या सुनंनं बलावलं म्हणून आलोय! डोहाळा हाय तिचा!"

"डोहाळा आम्हाला सांगितलाय!"

मग दोघांनी एकदमच माझ्याकडे बघितलं.

मी माफी मागायला हवी होती. दोन गोड शब्द बोलायला हवे होते. पण माझ्यात दीड वर्ष साचलेलं होतं, आणि साठ पोरांच्या वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचवायची सवय असलेला माझा आवाज होता. मी उभी राहिले.

"हो, मीच बोलावलं! दोघांनाही फसवून बोलावलं! एका भांड्यावरून दीड वर्ष? अप्पा, एकदा दिलं की संपलं, पुढं त्यात फुलं ठेवोत नाहीतर चपला! अन् मामंजी, आवडलं होतं ना तुम्हाला? मग आवडलं एवढंच सांगायला काय झालं होतं? मी बाळंत होणार, मला भीती वाटायलीय, अन् तुम्ही बाळाच्या वाटण्या करायलाव? उद्या त्याला काय सांगू? ह्या आजोबाचा पटका लाल अन् त्या आजोबाचा निळा?"

दिवे केव्हा गेले आणि पिक्चर केव्हा सुरू झाला, मला कळलंच नाही. पुढच्या रांगेतून कुणीतरी शिट्टी मारली. "कुंद्री, कुंद्री!" मागून एक काका कन्नडमधून बसायला सांगत होते. मी त्यांनाही दोन शब्द सुनावले. मग माझ्या तोंडावर बॅटरीचा झोत पडला. डोअरकीपर!

"मॅडम, चिल्लाव नक्को. पब्लिक कंप्लेंट कर्री. बाहर चलो."

"मी? भांडण यांचं आहे!"

"वो लोगां चुप हैं, मॅडम. आपकाच आवाज आ रा."

मी बघितलं. दोन्ही म्हातारे खाली माना घालून, मार खाल्लेल्या पोरांसारखे गप्प उभे होते. मी संतोषकडे बघितलं. तो म्हणाला, "तू हो पुढं. मी हितं थांबतो, पुन्हा भांडले तर कुणीतरी पाहिजे." (पिक्चर त्याला आवडला होता. मला ते तेव्हाच कळलं.)

अशा रीतीनं, सहाही तिकिटं काढणारी मी टॉकीजच्या पायऱ्यांवर येऊन बसले. ऊन रणरणत होतं. रागारागानं एक समोसा घेतला, तो हातातच गार झाला, थोडं रडूही आलं. आतलं पुढचं मला संतोषनं नंतर सांगितलं. डोअरकीपरनं वाटेत उभ्या मामंजींना "बैठो बावा" म्हणून हाताला लागलेल्या पहिल्या रिकाम्या खुर्चीत दाबून बसवलं. ती माझी खुर्ची. अप्पांच्या शेजारची! दहा मिनिटं दोघं दगडासारखे समोर बघत होते. पण अप्पांना भराभर बोललेलं हिंदी कळत नाही आणि आईला त्याहून नाही. शेवटी अप्पांना राहवेना.

"काय म्हणला वो त्यो?"

मामंजींनी ठसका आवरला. मग म्हणाले, "म्हणला, म्हैस तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

"बरं म्हणला."

"व्हय. शाना हाय."

मला बाहेर फक्त हसणं ऐकू आलं. आधी अप्पांचं, पाण्याची मोटर सुरू होताना घरघरते तसं. मग मामंजींचं, ठसक्यासकट. मग दोन्ही एकदम, एकात एक मिसळून, दार बंद असूनही! ज्या हसण्यासाठी मी एवढं सगळं केलं ते आत चाललं होतं, आणि मी बाहेर गार झालेला समोसा खात होते. इतका आनंद आणि इतका संताप मला एकाच वेळी कधी झाला नव्हता.

शो सुटला. सगळ्यांत शेवटी आमचं वऱ्हाड आलं. आई आणि आत्या एकमेकींच्या हाताला धरून डोळे पुसत होत्या, अप्पांचा हात मामंजींच्या खांद्यावर. मला बघून दोघं थबकले.

"पाव्हणं," मामंजींनी हळूच विचारलं, "ही ल्हानपणापासनं आशीच तापट हाय का?"

"आशीच," अप्पा म्हणाले. "लग्नाच्या वख्ताला तुमाला सांगायचं ऱ्हाऊन गेलं. चुकलंच आमचं."

"आसू द्या. आता आपलीच हाय. सांभाळून घिऊ."

दीड वर्षांनी दोन्ही घरांचं कशावर तरी एकमत झालं होतं! त्या आनंदात चौघं जेवायला निघाले आणि एका रिक्षात दाटीवाटीनं बसले. आमच्यासाठी जागा नव्हती. रिक्षा सुटता सुटता अप्पांनी डोकं बाहेर काढलं.

"पोरी, पिक्चर लई भारी हुता बघ! तूबी एकदा बघून घे. पण शांत बसून बघ!"

यावर मी जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगते, की डोअरकीपर पुन्हा बाहेर आला, आणि त्यानं मला पायऱ्यांवरूनही उठवलं.