दीपमालाचा पीळ

आमच्या मासेमारीच्या क्लबात एकवीस माणसं होती आणि त्यातल्या एकालाही लीडर बांधता येत नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणाविषयी आदर वाटायची भानगड राहणार नाही. मीही त्या एकविसांत होतो.

लीडर म्हणजे फ्लायच्या जाड दोरीला जोडलेला, टोकाकडं बारीक होत जाणारा नायलॉनचा लांब तुकडा. त्याच्या शेवटी गळ, आणि गळावर कोंबड्याची पिसं, बोकडाचे केस बांधून केलेला खोटा मासा, त्यालाच फ्लाय म्हणतात. दातवाल्या माशाच्या मागं लागायचं असेल तर नायलॉन आणि गळ यांच्यामध्ये वीतभर पोलादी तार घालावी लागते. कृष्णेतला शिवडा तोंड उघडतो तेव्हा आत कानशीसारख्या दातांच्या पट्ट्या दिसतात. नायलॉन त्यावर दोन-चारदा घासलं की संपलं. आमच्या लोकांच्या अंगावर बारा खिशांची जाकिटं, डोळ्यांवर रंगीत चष्मे, हातात परदेशी काठ्या. आणि मासा लागला की तो गळासकट पसार. मग चहाच्या टपरीवर त्या पळालेल्या माशाचं वजन दर कपामागं किलोभर वाढायचं.

दीपमाला खरात कराडातल्या एका दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. माहेर कुंडलचं, नवरा एसटीच्या डेपोत मेकॅनिक. डॉक्टर साचे पाठवायचे, त्यावरून ती कवळ्या घडवायची आणि पोरांचे वेडेवाकडे दात ओळीत आणणाऱ्या तारा वाकवायची. चाळिशीची, ठेंगणी, चष्मा कायम कपाळावर. आमचे अध्यक्ष हंबीरराव, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, हलणारी कवळी घेऊन तिच्याकडं गेले होते. खिशातून रुमाल काढताना तारेचा एक गुंता टेबलावर पडला. मी सोबत होतो.

"ही कुनी बांधली?" दीपमालानं चिमट्यानं तो गुंता उचलून विचारलं.

"मीच," हंबीरराव म्हणाले.

"पायानं?"

हंबीररावांना आयुष्यात असं कुणी बोललं नसावं. पण ती चेष्टा करत नव्हती. तिनं गुंता सोडवला, तार दिव्याखाली धरली आणि दोष सांगितला. तार गळाच्या नेढ्यातून ओवून दुमडल्यावर एक पदर सरळ ठेवून दुसरा त्याच्याभोवती गुंडाळला होता. ताण आला की असा वळसा सरकत जातो. दोन्ही पदर एकमेकांवर सारखे फिरले पाहिजेत. तिनं तिथल्या तिथं करून दाखवलं: आधी सैल, तिरके सहा-सात पीळ, मग चिकटून घट्ट वेढे. उरलेलं टोक पक्कडीनं कापलं नाही. त्याला दांड्यासारखं वाकवून फिरवलं, ते वेढ्याच्या मुळाशी कट्‌दिशी तुटलं. वरून बोट फिरवलं तर काही टोचत नव्हतं.

"कापलं की कुसळ ऱ्हातं," ती म्हणाली. "पोराच्या गालाला लागतं. तुमच्या बोटाला लागंल."

तेव्हापासून क्लबाचे सगळे लीडर तीच बांधू लागली. तार आणि नायलॉन आम्ही द्यायचो, मजुरी तिची ती घ्यायची. मासेमारीत तिला काडीचा रस नव्हता. मासे कसे पळतात, लीडर कुठं तुटला, हे मात्र ती खोदून विचारायची आणि आमची फुशारकी मध्येच तोडायची. "मासा केवढा हुता ते सोडा. गाठ कुठं गेली ते सांगा." माणसं तिच्याकडं जायला थोडी घाबरायची आणि माघारी तिला 'दातवाली' म्हणायची. एवढीच त्यांची मर्दुमकी.

क्लबातला धैर्यशील मात्र तिला तोंडावर 'ए दीपे' म्हणायचा. लॅबच्या डॉक्टरीणबाईंना मॅडम, आणि स्वतः दीपमालाहून दहा वर्षांनी लहान असून तिला दीपे. नदीकाठी चाळीस एकर ऊस, वडील अर्ध्या तालुक्याच्या संस्थांवर. एकदा लीडर न्यायला आला तेव्हा म्हणाला, "तुमच्यातल्या बायांच्या हाताला कला असती बघ."

"आमच्यातल्या म्हंजी?" तिनं वर न बघता विचारलं. "लॅबमधल्या?"

धैर्यशील हसला. मीही हसलो. का हसलो ते मला आजही नीट सांगता येत नाही, आणि सांगता येतं तेव्हा स्वतःची किळस येते.

फेब्रुवारीत क्लबाची स्पर्धा ठरली. संगमाच्या खालच्या अंगाला, दिवसभर, फक्त फ्लायवर, सगळ्यांत मोठा दातवाला मासा. मासा सोडून द्यायचा, पण फोटो आणि वापरलेला लीडर दाखवायचा. हा नियम हंबीररावांनी घातला होता, कारण आदल्या वर्षी तिघांनी एकाच मरळीचे फोटो आणले होते. लीडर तपासायला दीपमालाला बोलावलं. सगळे तिच्याच हातचे होते, तिच्याशिवाय कोण तपासणार?

धैर्यशीलच्या जोडीला मी होतो. सकाळपासून त्याचा गळ तीनदा बाभळीत अडकला, एकदा माझ्या टोपीत. पाण्यात पडला तेव्हा असा फटकन पडायचा की मासे कोयनानगरपर्यंत जावेत. दुपारी काठावर केरबा आपलं जाळं ओढत होता. साठीतला जाळेवाला माणूस, एकटाच होडी घेऊन फिरणारा. जाळ्यात हातभर लांब शिवडा निघाला, जिवंत, जबडा आपटत.

धैर्यशील केरबाशी दोन मिनिटं बोलला आणि सौदा झाला. मग त्यानं आपल्या लीडरचा गळ हातानं त्या माशाच्या ओठात टोचला, मासा छातीशी धरला आणि दात काढून उभा राहिला.

"प्रथमेश, फोटोत होडी येऊ देऊ नको हं," तो म्हणाला.

मी होडी येऊ दिली नाही. मी ज्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे त्याच्या समितीवर त्याचे वडील आहेत. 'सोडून दिलेला' तो मासा गाडीच्या डिकीतून फार्महाउसवर गेला.

चार वाजता हॉलमध्ये सगळे जमले. दीपमालानं लांब टेबलावर पांढरा कागद पसरला, डोळ्याला भिंग लावलं आणि एकेक लीडर बघायला घेतला. धैर्यशीलचा हातात आला तेव्हा तिनं तो दोनदा फिरवला, गळाजवळचे केस बोटानं विंचरले.

"ह्यो न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई म्हंजी?" धैर्यशील पुढं आला.

"ही तार माशाच्या तोंडात लढलेली न्हाई. हातभर शिवडा गिरक्या घेतो, तार वाकडी हुती, तिला गाठोळ्या पडत्यात. ही माझ्याकडनं गेली तशीच सरळ हाय. वरच्या नायलॉनला एक चरा न्हाई. गाठीला ताण बसलाय तो झाडाचा, एकाच बाजूला. आन् बोकडाचा एक केस जागचा हललेला न्हाई."

"मासा वटालाच लागला हुता. जास्त दम न्हवता त्याच्यात."

"दम आधीच गेला आसंल," ती म्हणाली आणि फोनवरचा फोटो मोठा केला. "कल्ल्यांच्या मागं ही रेघ बघा. जाळ्याच्या दोरीची हाय. कुंडलच्या बाजारात अशा रेघा बघतच वाढले मी."

धैर्यशीलचा चेहरा लाल झाला होता.

"ए दीपे, तुला तारा बघायला बोलावलंय. न्याय करायला न्हाई."

ती त्याच्याशी पुढं बोललीच नाही. माझ्याकडं वळली. "फोटो कुनी काढला?"

"मी," मी म्हणालो.

ती थांबली. सगळी माणसं माझ्याकडं बघत होती आणि मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी फोनचं कव्हर काढून परत बसवलं.

"बरं," ती म्हणाली. भिंग पिशवीत टाकलं, कागदाची घडी केली आणि निघाली.

हंबीररावांनी घसा खाकरला. पंचवीस वर्षं फौजेत काढलेला माणूस टेबलाकडं बघत म्हणाला, "तसा ठोस पुरावा न्हाई." चषक धैर्यशीलला दिला. टाळ्या वाजल्या. बासुंदी चांगली होती असं सगळ्यांचं मत पडलं.

दुसऱ्या आठवड्यात आमची तार आणि नायलॉन तिनं पिशवीत घालून परत पाठवलं. हंबीरराव मनधरणी करायला गेले तर म्हणाली, "शिकवीन. रविवारी या, स्वतः पिळा. बांधून देणार न्हाई." पहिल्या रविवारी सहा जण गेले. बोटं कापून घेऊन बसले, ती प्रत्येकाचा पीळ ओढून बघायची आणि सुटला की कचऱ्यात टाकायची. दुसऱ्या रविवारी कुणी गेलं नाही. मग सगळ्यांनी तयार लीडर मागवले, आणि पावसाळ्याआधी क्लबाचं काम फोनवर सकाळच्या शुभेच्छा पाठवण्यापुरतं उरलं. कुणाला त्याचं वाईट वाटल्याचं ऐकलं नाही.

ती मात्र त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा नदीवर गेली. केरबाच्या होडीत बसून, हातदोरीला आपली तार लावून. तीन रविवार काही नाही, चौथ्यांदा शिवडा लागला. तिनं त्याचा जबडा उघडून भिंगानं दात बघितले, तार कुठं कुठं घासली ते बघितलं, आणि मासा घरी नेऊन कालवण केलं. हे केरबानंच मला सांगितलं. फोटो काढला का, असं मी विचारलं. "कशाला?" तो म्हणाला.

वर्षभरानं मी लॅबवर गेलो. ती एका कवळीला घासून चकाकी आणत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. मासा, केरबा, होडी, डिकी, कॉलेजची समिती. तिनं मशीन बंद केलं नाही, फक्त हळू केलं.

"मला ठावं हुतं," ती म्हणाली.

"माझं चुकलं, ताई."

"मला सांगून काय उपेग? तवा तितं एकवीस जन हुते. त्यांना जाऊन सांगा."

"सांगतो," मी म्हणालो.

तिनं चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि माझ्याकडं एकदा नीट बघितलं, साच्यातला बिघडलेला दात बघावा तसं. मग मशीन पुन्हा वाढवलं.

मी कुणालाही सांगितलेलं नाही. धैर्यशील परवा आमच्या समितीवर आला, वडिलांच्या जागी. सत्काराला हार मीच आणला होता.

दीपमालाचे लीडर आता कुरिअरनं केरळात आणि आसामात जातात. आतल्या चिठ्ठीवर तिचं नाव, लॅबचा पत्ता आणि एकच सूचना छापलेली असते: मासा लागून गेल्यावर तार बोटानं तपासा.