रिकाम्या पत्त्यांची राखण

दीपाली ओव्हाळ वाघोलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात नेटवर्क सांभाळायची. दोन हजार चारच्या सुमाराची गोष्ट. कॉलेजात संगणक भराभर येत होते. घराला क्रमांक असतो तसा इंटरनेटवर प्रत्येक संगणकाला पत्ता लागतो. असे पत्ते कॉलेजाला भरपूर मिळाले होते आणि त्यातले बरेचसे अजून कोणालाच दिलेले नव्हते.

दीपालीने अडगळीतला एक जुना संगणक झाडूनपुसून घेतला आणि त्याला या रिकाम्या पत्त्यांच्या राखणीला बसवलं. तिथे कोणी डोकावलं, तर कुठून आलं ते टिपायचं, उत्तर मात्र द्यायचं नाही.

ही युक्ती ती पुस्तकात शिकली होती, पण मनाला पटली होती त्याच्या कितीतरी आधी. तिचे वडील दशरथराव यांनी हडपसरला फ्लॅट घेतला तेव्हा इमारतीतली निम्मी घरं बंद होती. आई चंद्रभागाबाई पोळ्या लाटताना जिन्याकडे कान लावून असायची. स्वतःची बेल वाजली तर सावकाश उठायची, पण बंद घराची वाजली की पिठाच्या हातांनी दार उघडायची. "ओळखीचा माणूस बंद घराची बेल कशाला वाजवेल?" ती म्हणायची. "आणि ओळीने सगळ्यांची वाजवत चाललाय म्हणजे त्याला माणूस नकोय, उघडं दार हवंय."

विभागप्रमुख अवधूत सरांना हे सगळं हौसेचं वाटे. माणूस मनाने वाईट नव्हता. चहा पाजताना चिमटा काढल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे, इतकंच. "पुण्यात लोकांना राहायला जागा मिळेना," ते म्हणत, "आणि आमच्या मॅडमनी रिकाम्या खोल्यांना पहारेकरी नेमलाय." बाहेरच्या जगातून त्या पत्त्यांवर रोजच काहीबाही येऊन आपटायचं; त्यावर सरांचं म्हणणं, रस्त्यावरची कुत्री भुंकतात म्हणून कोणी नोंद ठेवत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर नव्या वसतिगृहाला पत्ते हवे होते. येत्या शनिवारच्या बैठकीत हे रिकामे पत्ते तिकडे देऊन टाकायचे आणि राखण बंद करायची, असं सरांनी सांगून टाकलं. दीपाली वाद घालणाऱ्यांतली नव्हती. पण तिला वाईट वाटलं.

शुक्रवारी सकाळी तिने राखणीच्या संगणकाचा पडदा पाहिला आणि हातातला डबा तसाच टेबलावर ठेवला. एक पत्ता झाला की शेजारचा, मग त्याच्या शेजारचा, असं कोणीतरी दारं वाजवत चाललं होतं. आणि ते बाहेरून येत नव्हतं. कॉलेजाच्याच हिशेब खात्यातून येत होतं.

तिथे यज्ञेश्वर बापट बसत. सगळे त्यांना बापटकाका म्हणत. मार्चमध्ये निवृत्त होणार होते. जुन्या कारकुनांपैकी कुठलाही क्लास न लावता संगणक शिकलेले ते एकटेच, आणि याचा त्यांना फार अभिमान. दीपालीने आधी त्यांच्या संगणकाची नेटवर्कची वायर काढली, मग खुर्ची ओढून विचारलं, "काका, दिवाळीत काही नवीन उघडलंत का?"

काकांनी आठवून सांगितलं. एक शुभेच्छापत्र आलं होतं, दिवा लावण्यासाठी इथे दाबा, असं. पाठवणाऱ्याचं नाव ओळखीचं नव्हतं. पण आलेल्या शुभेच्छेची पोच न देणं बापटांच्या घराण्यात कधी घडलं नव्हतं. त्यांनी दाबलं. दिवा काही लागला नाही. तेव्हा त्यांनी आभाराचं पत्र लिहिलं, त्यात दिवा लागला नसल्याचं नम्रपणे कळवलं, कृपया पुन्हा पाठवावा अशी विनंती केली, आणि उत्तराची वाट पाहत रोज एकदा दाबून पाहिलं.

दीपालीला हसू आलं, पण तिने ते ओठांतच ठेवलं. "दिवा लागला होता काका," ती हळूच म्हणाली. "फक्त आपल्याला दिसला नाही."

दुपारपर्यंत तिने संगणक साफ केला. शुभेच्छापत्रातून शिरलेला व्हायरस दुसरीकडे पसरलेला नव्हता. आता राखण वाचवायला तिच्या हातात भक्कम पुरावा होता. पण तो मांडायचा म्हणजे काकांचं नाव घ्यायचं. ते तिच्याने होईना.

बैठकीत ती एवढंच म्हणाली, की कॉलेजातला एक संगणक बिघडला होता आणि तो रिकाम्या पत्त्यांमुळे वेळेत सापडला.

"कोणाचा?" सरांनी विचारलं. "का तोही रिकामाच होता?"

दीपालीने समोरची वही मिटली. पत्ते गेले, असं तिने मनाशी धरलं. वसतिगृहाच्या खर्चासाठी बोलावलेले बापटकाका कोपऱ्यात बसले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि उभे राहिले.

"माझा होता," ते म्हणाले. "चोराला मी आभाराचं पत्र पाठवलं, वर पुन्हा या म्हणूनही कळवलं. या मुलीने रिकामी घरं राखली नसती, तर उद्या साऱ्या कॉलेजाचे पगार त्याने पाहिले असते. अवधूतराव, पहारेकरी राहू द्या."

सर हसले, चिमटा न काढता. वसतिगृहातल्या साऱ्या संगणकांना मिळून एकाच पत्त्याआड बसवता येईल, म्हणजे रिकामे पत्ते तसेच राहतील, हे त्यांनी स्वतःच सुचवलं. हे त्यांना आधीही ठाऊक असणार, पण दीपालीने ते विचारलं नाही.

पुढच्या दिवाळीत काका निवृत्त होऊन सदाशिव पेठेतल्या घरी होते. दीपाली आईबरोबर चकल्या पाडत असताना त्यांचा फोन आला. शुभेच्छा देऊन झाल्यावर ते घसा खाकरून म्हणाले, "अगं दीपाली, एक दिवा आलाय. लावू का?"