रिंगटोनमधलं वरण
कुठेही सनई वाजली की मी आधी बाबांचा मोबाइल बंद आहे ना, ते बघतो. मोबाइल नवे होते तेव्हा रिंगटोन विकत मिळायची आणि मी त्यांना दहादा म्हटलं होतं की मी घेऊन देतो. पण दादाच्या लग्नात, वहिनीच्या गावी, वरवट बकालच्या मांडवात, वांग्याच्या भाजीच्या वाफेत जेवता जेवता त्यांनी सनईवाल्याकडे मोबाइल धरला. "पैसे काऊन द्याचे? हे समोर वाजून राह्यली ना!" रेकॉर्डिंग सुरेख झालं, फक्त मधेच मुलीकडच्यांच्या पातळ वरणावर त्यांचाच आवाज आला होता, "वरन पाह्य यायचं, निरा पानी हाये!" "हे काढा हो बाबा," म्हणून मी रोज डोकं फोडायचो. "तितक्यात मी फोन उचलतो ना बे," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. दिवाळीत वहिनीचे वडील तिला माहेरी न्यायला आले. बाबा आंघोळीला गेले होते, मोबाइल पाहुण्यांच्या मांडीजवळ होता आणि नेमका तेव्हाच तो वाजला. सनई झाली, वरण झालं, पुन्हा सनई, पुन्हा वरण. चहा घेऊन आलेली वहिनी दारातच थिजली. मी झडप घातली, तर पाहुणे शांतपणे म्हणाले, "वाजू द्या हो, लगन आमच्याच घरचं हाये." आता कित्येक वर्षं झाली. वहिनीच्या माहेरी जेवायला गेलं की आजही बाबांच्या ताटात पळी उभी राहील इतकं घट्ट वरण पडतं, तेही तीनतीनदा. बाबा मान खाली घालून मुकाट्याने खातात. आणि परतताना, अजून फाटकही ओलांडलेलं नसतं तोच, मोठ्यानं मला ऐकवतात, "वरनाचा निरा गोळा करून ठेवतात बे हे लोकं!"