हलक्या पायाचा ड्रायव्हर

ड्रायव्हरांनी त्याचं नाव गोगलगाय ठेवलं होतं. पाठीमागं नव्हे, तोंडावर. त्यालाही त्याचं काही वाटत नसे, हाक मारली की 'ओ' देई. पन्नाशी उलटलेला, अंगानं काटकुळा आणि बोलायला त्याहून काटकुळा असा माणूस. पाणी तपासणाऱ्या एका लॅबची गाडी चालवायचा. सकाळी रिकाम्या बाटल्या घेऊन निघायचं, लांबलांबच्या कारखान्यांतून, टाक्यांवरून पाण्याचे नमुने भरायचे आणि दिवस मावळायच्या आत ते लॅबच्या टेबलावर आणून ठेवायचे. काचेच्या बाटल्या, लाकडी खोक्यात उभ्या.

नोकरीला लागला तेव्हा कुणीतरी त्याला सांगितलं होतं, की बाटल्या वाजल्या म्हणजे पाय चुकला समज. नव्या माणसाला कोणीही काहीही सांगतं. शहाणा असतो तो ह्या कानानं ऐकतो नि त्या कानानं सोडतो. ह्यानं ते धरून ठेवलं. झोपलेल्या पोराच्या अंगावर चादर घालावी तसा तो ॲक्सिलरेटरवर पाय ठेवी. लांबवर लाल दिवा दिसला की ह्याचा पाय आधीच वर. गाडी रांगत रांगत जायची, पोचेस्तोवर दिवा हिरवा व्हायचा. ब्रेकला हात लावायची, म्हणजे पाय लावायची, वेळ क्वचितच. पुढच्या गाडीत नि आपल्यात एक म्हैस आडवी उभी राहील एवढी जागा सोडायची. चढ दिसला की अलीकडूनच थोडा जोर घ्यायचा, ऐन चढावर बोंबलत बसायचं नाही. चाकांतली हवा रोज स्वतः बघायची, मागं फालतू वजन ठेवायचं नाही आणि नमुने भरून होईपर्यंत इंजिन बंद.

हे सगळं बाटल्यांसाठी होतं. पेट्रोलचा विचार त्याच्या डोक्यातसुद्धा नव्हता. पण गाडीला माणसाच्या मनातलं काय कळतंय? ती कमी पेट्रोल प्यायला लागली. त्याच कंपनीच्या, त्याच वर्षाच्या बाकीच्या गाड्या लिटरला तेरा-चौदा किलोमीटर द्यायच्या नि ह्याची एकोणीस. मॅनेजरला पहिल्यांदा मीटर बिघडलाय असं वाटलं. मीटर तपासून झाला, गाडी तपासून झाली, मग त्यानं ड्रायव्हरांच्या खोलीत एक फळा लावला. सगळ्यात वर गोगलगायीचं ॲव्हरेज आणि खाली, हे सगळ्यांनी गाठायचं.

त्या दिवसापासून त्याचं सुख संपलं. ज्याला त्याला त्या आकड्यावरून बोलणी बसायची आणि जो तो ती आणून ह्याच्या डोक्यावर ओतायचा. कुणी म्हणे, उतारावर ह्याचं पेट्रोल उलटं टाकीत जातं. कुणी म्हणे, हा पंपावर जातच नाही, गाडीला नुसता वास देतो. त्यांच्यात एक वादळ म्हणून होता. गाडी सुरू केली की आधी रेस, मग गिअर, मग देव. त्याची गाडी अकराच्या वर कधी गेली नाही. तो फळ्यापुढं उभा राहून म्हणायचा, "गोगलगायी, एक दिवस तू आम्हाला पोटावर चालायला लावणार बघ."

एवढंही त्यानं सोसलं असतं. पण पाय गेला. उजव्या खुब्यापासून टाचेपर्यंत कळ यायची. पाय दाबून धरणं सोपं असतं, दिवसभर अधांतरी धरणं अवघड. डॉक्टरनं बोटानं पाठीत एक जागा दाबली, हा ओरडला, आणि डॉक्टर म्हणाला की गाडी सोडा, नाहीतर पाय सोडावा लागेल. घरी बायकोनं गरम पाण्याची पिशवी मांडीखाली सरकवली आणि म्हणाली, "इतकी वर्षं तुम्ही टाच धरून बसलात, आता टाच तुम्हाला धरून बसलीय. साहेबाला सांगा."

सांगण्याजोगी जागाही होती. लॅबच्या स्टोअरमधला म्हातारा निवृत्त होणार होता. बाटल्या, बुचं, टायर, ऑइल यांची देवघेव. बसावं वाटलं तर बसावं, उठावं वाटलं तर उठावं. असलं काम ह्यानं स्वप्नात पाहिलं असतं, पण स्वप्नातही हा गाडीच चालवायचा.

तो मॅनेजरकडं गेला. मॅनेजर वयानं लहान, तोंडानं गोड. त्यानं खुर्ची दिली, चहा दिला, स्टोअर तेवढं दिलं नाही. म्हणाला, ती अडगळीची जागा आहे, तुमच्यासारख्या माणसाला तिथं टाकलं तर वरचे मलाच विचारतील. ह्यानं पायाचं सांगितलं. मॅनेजरनं हळहळ केली आणि विचारलं, "काका, तुम्ही उतरलात तर मी फळ्यावर काय लिहू?"

चालत्या बैलालाच पराणी. बसका असता तर कधीच सोडून दिला असता. ही गोष्ट त्याला त्या चहाच्या कपापाशी समजली. फळ्यावरचा आकडा आहे तोवर आपण गाडीत. तेव्हा आकडाच पाडायचा.

त्यानं वादळाला गाठलं आणि कधी नव्हे ते स्वतःहून बोलला, की मला वाईट चालवायला शिकव. वादळानं आधी त्याच्या तोंडाचा वास घेतला. मग सगळं ऐकलं, आणि गडी खूश झाला. गोगलगाय स्टोअरमध्ये गेली की फळा उतरला, यात सगळ्यांचंच भलं होतं.

दुपारच्या सुट्टीत दोघं लॅबमागच्या रस्त्यावर निघाले. वादळ शेजारच्या सीटवर मांडी घालून बसला आणि शिकवू लागला. सुटताना दाबायचं, पोटातलं पाणी हललं पाहिजे. दिवा लाल दिसतोय? दिसू दे. तिथपर्यंत पळवत न्यायची, मग ब्रेकवर उभं राहायचं. मधल्या मोकळ्या रस्त्यात पळव, थांब, पळव, थांब. एसी लाव नि काचा उघड.

ह्यानं दात आवळून पाय दाबला. मागं खोक्यातल्या बाटल्या खणकन वाजल्या आणि पाय, पोळल्यासारखा, आपोआप वर आला. पुन्हा दाबला, पुन्हा वर. लाल दिवा दिसला की ह्याच्या नकळत गाडी रांगायला लागायची. वादळानं खोकं उतरवून रस्त्याच्या कडेला ठेवलं, तरी तेच. नसलेल्या बाटल्यासुद्धा त्याला ऐकू येत होत्या.

"मयताला चाललोय का रे आपण?" वादळ म्हणाला. "मयतसुद्धा पुढं निघून गेलं."

ह्याच्या कपाळावर घाम आला होता. पाय स्वतःचा, पण ऐकत नव्हता. घरातला जुना गडी जसा मालकालाच काम शिकवतो, तसा तो पाय ह्याला शिकवत होता. शेवटी वादळानं कपाळाला हात लावला आणि म्हणाला, तुला चालवून जमणार नाही, आता गाडीलाच आजारी पाड.

मग ह्यानं चाकांतली हवा कमी ठेवायला सुरुवात केली. वर्कशॉपातल्या मेलेल्या बॅटऱ्या, मोडका लोखंडी रॅक असलं भंगार मागं कोंबलं. कारखान्याच्या दारात नमुने भरताना इंजिन तसंच चालू ठेवलं. त्या घरघरीत उभं राहून बाटल्या भरताना त्याला आपणच कुणाच्या तरी ताटातलं उचलतोय असं वाटायचं. कमी हवेनं स्टिअरिंग जड झालं, गाडी ओढत न्यावी लागे, पाय आणखी ठणकू लागला. बायको म्हणाली, "सुटायचं म्हणून दोर ओढताय, गाठ घट्ट होतेय." पण आकडा पडला. सतरा, मग पंधरा, मग वादळाच्या शेजारी जाऊन बसला.

आणि ड्रायव्हरांच्या खोलीत कुजबुज सुरू झाली. हा पेट्रोल काढून विकतो. गोगलगाय आणि पोटात पाय, ही म्हण त्याच्यासाठी तयारच होती. कालपर्यंत शिव्या देणारे आता डोळा मारायला लागले. एकानं तर गिऱ्हाईक कोण म्हणून हळूच विचारलं. वादळाला खरं ठाऊक होतं, तो हसला नाही. त्यानं ह्याला बाजूला घेऊन सांगितलं, की हे वेगळ्या वाटेला चाललंय, जाऊन सांगून टाक.

मॅनेजरनं बोलावलंच. ह्या वेळी चहा नव्हता. दार लावून घेतलं आणि विचारलं, की पेट्रोल कोण काढतंय.

मीच काढतो म्हटलं असतं तर नोकरीच गेली असती. गप्प राहिला असता तर चोर ठरला असता. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा लांबलचक भाषण केलं. पेट्रोल कुणीच काढत नाही, हवा मीच कमी ठेवली, वजन मीच टाकलं, इंजिन मीच चालू सोडलं. आकडा पाडायचा होता, म्हणजे तुम्ही मला उतरवाल.

मॅनेजरनं ऐकून घेतलं. मग त्याचा चेहरा मऊ झाला.

"काका, कुणाला पाठीशी घालताय?"

"कुणालाच नाही साहेब. मीच."

"तुम्ही? तुम्ही चाकातली हवा काढणार?" मॅनेजर हसला. "उद्या सांगाल, बाटल्याही मीच फोडल्या. मला ठाऊक आहे हे काम कुणाचं. तुमच्या शेजारी बसून गाडी फिरवताना बघितलंय मी त्याला."

ह्यानं पुन्हा सांगितलं, हात जोडून सांगितलं. तो जितकं सांगे तितका मॅनेजरच्या नजरेत मोठा होत गेला. अशी माणसं आता राहिली नाहीत, असंही मॅनेजर बोलून गेला.

निकाल दुसऱ्या दिवशी लागला. वादळाची गाडी काढून घेतली आणि त्याला शिक्षा म्हणून स्टोअरमध्ये टाकलं. तिथं बाहेरची हवा नाही, फिरणं नाही, सड म्हणावं बसून. गोगलगायीला नवी कोरी गाडी मिळाली. टाकीच्या झाकणाला कुलूप, चाव्या दोनच, एक मॅनेजरकडं नि एक ह्याच्याकडं. बाकी कुणी तिला हात लावायचा नाही. रजेवर गेला तरी गाडी उभी राहील, पण दुसऱ्याला मिळणार नाही. आणि लॅबला तर रोज नमुने लागतात, तेव्हा रजाही गेली.

स्टोअरच्या खिडकीत वादळ ओशाळून बसला होता. म्हणाला, आईशपथ, मी मागितलं नव्हतं. ह्यानं मान हलवली. सीटवर टाकायला एखादी गादी आहे का, तेवढं विचारलं. वादळानं सगळी कपाटं उघडून बघितली. बुचं होती, पाइप होते, टायर होते. गादी नव्हती.

मग तो बाटल्यांचं खोकं घेऊन गाडीकडं गेला. बसताना आधी डावा पाय आत घेतला, उजवा दोन्ही हातांनी उचलून ठेवला. वॉचमन गेटाकडं पाठ करून कुणाशी तरी बोलत उभा होता. गाडी त्याच्या मागून इतकी अलगद बाहेर पडली, की त्याला कळलंसुद्धा नाही.