पळते सरांनी न दिलेलं रक्त

पळते सर वर्गात कधी बसले नाहीत. हुमनाबादच्या कॉलेजात ते आम्हाला जीवशास्त्र शिकवायचे आणि तासभर फळ्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत चालत राहायचे. म्हणून पोरांनी त्यांना 'पळते सर' केलं; खरं नाव रेवणप्पा, पण ते हजेरीपटातच राहिलं. पुढे मी बसस्टँडसमोर रक्त तपासायची लॅब टाकली, तेव्हाही ते दारातून आत-बाहेर करतच बोलायचे. खुर्ची पुढे केली की म्हणत, "बसायला वेळ कुठाय, सिद्राम?"

घाई होती ती लोकांच्या धमन्यांची. हृदयाचा झटका म्हणजे मोरीसारखी तुंबलेली नळी, असं कुणी म्हटलं की सरांचं डोकं फिरायचं. चरबी रक्तात सुटी फिरत नाही, प्रथिनाच्या गोण्यांत भरून फिरते, असं ते सांगत. त्यातल्या काही गोण्या फार झाल्या की धमनीच्या भिंतीत शिरतात आणि तिथे पडून खराब होतात. पांढऱ्या पेशी त्यांना शत्रू समजून गिळत सुटतात. ते पचत नाही, पेशी फुगतात, तिथेच मरतात आणि मरता मरता आणखी पेशींना बोलावून घेतात. भिंत सुजते. एक दिवस ती सूज फुटते, वर रक्ताची गाठ धरते आणि खेळ आटोपतो. "माणूस हिंडायलाय, फिरायलाय," ते म्हणत, "आन् आत फोड पिकायलाय. दुखत न्हाई, म्हणून कुणी बघत न्हाई."

म्हणून ते माणसं धरून आणत. शेजारी, शिपाई, बसमध्ये ओळख झालेला मंठाळचा शेतकरी. एकदा तुरीचा एक अडत्या आणला. तो गळ्यातल्या लिंगाला हात लावून सांगू लागला की आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही, मला कसली आलीय चरबी? आमच्या भागात हे मी रोज ऐकतो. मटण न खाणाऱ्याला हा रोग होतच नाही, अशी आमची पक्की समजूत. सर त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "अप्पा, तुमचं लिव्हर तुमचं सोवळं पाळत न्हाई. ते आतल्या आत चरबी बनवायलंय." अडत्या हसला आणि त्याने दंड पुढे केला. त्याची गोळी अजून चालू आहे.

सरांचे वडील पन्नाशीच्या आत झटक्याने गेले होते. थोरला भाऊ पंचेचाळिसाव्या वर्षी, शेतातून घरी येताना. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही दारात पाठमोरे उभे राहून. मी म्हणालो, मग तुमचंही रक्त घेऊ. त्यांनी बाही वर केली, तेवढ्यात बाकावरची एक म्हातारी दिसली. तिला आधी बसव, लांबून आलीय, म्हणाले. बाही खाली आली ती आलीच. पुढे जेव्हा जेव्हा विषय काढला, तेव्हा सर कुणाला तरी आपला नंबर देऊन मोकळे व्हायचे. मी सडपातळ, शाकाहारी, दिवसभर पायावर, असंही हसत म्हणायचे. अडत्याला झापणारा हाच माणूस! एकदा मात्र हळूच म्हणाले, "आकडा कळला की मग वर्गात तोंड कसं चालंल रे?"

मीही हसलो. गुरूला दटावायचं कसं, असं वाटलं. आज त्या हसण्याची मला लाज वाटते.

पेपर तपासायला गुलबर्ग्याला गेले असताना जिना चढता चढता सर कोसळले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. अठ्ठावन्नावं चालू होतं. मला रडू आलं नाही, राग आला. सगळ्या गावाचं रक्त मागणाऱ्या माणसाने स्वतःचं तेवढं दिलं नव्हतं आणि मीही ते घेतलं नव्हतं.

दिवसकार्य झाल्यावर त्यांची मुलगी महानंदा माझ्या लॅबमध्ये आली. चौतिशीची, बापासारखीच किडकिडीत. "सिद्रामण्णा, माझं घे," एवढंच म्हणाली. चरबीचा आकडा इतका वर आला की मी तो दोनदा वाचला. नमुना पुन्हा लावला. तोच आला. तिला सांगितलं तर म्हणाली, पोराची परीक्षा झाली की डॉक्टरला दाखवते, मला तर काही त्रास नाही.

मी सवयीने 'बरं' म्हणणार होतो.

"न्हाई अक्का, आत्ताच," मी म्हणालो. "तुझ्या अप्पांना मी एकदाबी जोर करून बसवलं न्हाई."

बाकावर चार माणसं होती. त्यांना उद्या या म्हणून सांगितलं, शटर ओढलं आणि ती काही बोलायच्या आत तिची पिशवी उचलून दवाखान्याकडे चालू लागलो.