सरांसाठी बांधलेली खोली

ज्या वर्षांत आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात फक्त वाईट बातमीसाठी येत असे, त्या वर्षांत यवतमाळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मला नोकरी लागली. सर म्हणजे मालक. त्यांनी मला घेतलं, कारण सर्व्हर इंग्रजीत बोलतो आणि मी इंग्रजी शाळेतली. आम्हा दोघांचं जमेल, असा त्यांचा अंदाज होता. तो फारसा चुकला नाही. मला माणसांशी बोलायला जड जाई, सर्व्हरशी नाही.

कापूस खरेदी केंद्रं आज चालू आहेत की बंद, एवढंच सांगणारं संकेतस्थळ आम्ही चालवत होतो. बारदाना संपला, गोदाम भरलं, की केंद्र बंद. सर त्याला माहितीची क्रांती म्हणत. आर्णी, कळंब आणि दारव्हा इथे आमचा एकेक माणूस होता. तो सकाळी फोनच्या तारेवरून सर्व्हरच्या काळ्या पडद्यावर यायचा, आपल्या गावाची फाइल उघडायचा आणि तिच्यात ‘सुरू’ किंवा ‘बंद’ लिहायचा. गावातले कृषी केंद्रवाले त्या पानाची प्रिंट काढून शटरवर चिकटवत. क्रांती तिथे शटरवर पोचायची.

एका सकाळी आर्णीच्या पानावर ‘सुरू’ आलं. केंद्र बंद होतं. कापसाच्या गाड्या दोन दिवस फाटकाबाहेर उभ्या राहिल्या, आणि लोक आमच्या आर्णीच्या ताईंच्या दारात. ताई सांगत राहिल्या की आपण ‘बंद’च लिहिलं होतं. सरांनी फोनवर त्यांना आठवड्याची मुदत दिली. ‘तोवर खुलासा आणा, नाहीतर घरी बसा.’

मी नोंदी पाहिल्या. ताईंनी खरंच ‘बंद’ लिहिलं होतं. मग दहा वाजता सरांच्या नावाने कुणीतरी आत आलं, आर्णीत ‘सुरू’ लिहिलं, आणि पाच मिनिटांनी दारव्ह्यातही ‘सुरू’ लिहिलं. दहा वाजता सर माझ्यासमोर बसून चहात टोस्ट बुडवत होते.

मी दारव्ह्याच्या भाऊंना फोन केला. सरांचं नाव का वापरता, एवढंच विचारलं. ते मोकळे गृहस्थ. म्हणाले, ‘मॅडम, सरचं नाव टाकलं का कुठीसा अडत नाही. आपलं टाकलं तर चपराशावानी दारातच उभं रहा लागते.’ पासवर्ड सरांनीच दिला होता, मर्जीतला माणूस म्हणून. आत गेलं की तिन्ही गावांच्या फाइली एकाखाली एक दिसत. आर्णीची सगळ्यात वर. भाऊंनी वरची उघडली, लिहिलं, मग चूक लक्षात आल्यावर आपली उघडली. वरची तशीच राहिली. वरचं तपासायची सवय आमच्याकडे कुणालाच नव्हती.

हे सरांना सांगायचं, तर पासवर्ड वाटला म्हणून त्यांचंच नाव घ्यावं लागणार होतं. मी दुसरंच सांगितलं. सर्व्हरवर प्रत्येकाला एक बंद खोली बांधून देता येते. माणूस आत आला की ती खोलीच त्याला पूर्ण घर वाटते. शेजारची फाइल दिसतच नाही, तर बिघडवणार कशी? सर खूष झाले. ‘सगळ्यायले कोंडून टाक.’ स्वतःला कोंडायचा प्रश्न त्यांना पडला नाही. मीही पाडला नाही.

खोली बांधणं सोपं नव्हतं. आत लागणारं प्रत्येक अवजार बाहेरून उचलून आत ठेवावं लागतं. कळंबच्या काकांच्या खोलीत मी फाइल उघडायचं साधनच ठेवायला विसरले. त्यांचा फोन आला, ‘बाई, घर देल्लं, पण चूल कुठी हाय?’ चूल दिली. तिन्ही खोल्या पक्क्या झाल्या. भाऊ मात्र दुसऱ्या दिवशीही सरांच्या नावाने आले आणि आरामात सगळ्या घरात फिरले.

म्हणून मी सरांची खोली बांधली. आधी त्यांनी क्लासमधल्या आपल्या कॉम्प्युटरवरून वर्षभरात दिलेल्या आज्ञा वाचल्या. तीनच होत्या. फाइलींची यादी बघणं, तारीख बघणं आणि बाहेर पडणं. तिन्ही अवजारं ठेवली. यादीत दिसायला त्यांचीच जुनी भाषणं ठेवली, आणि दारावर ‘मुख्य सर्व्हरमध्ये आपले स्वागत आहे’ अशी पाटी लावली. सर रोज आत जात, यादी बघत, तारीख बघत, समाधानाने बाहेर येत. जगातला सगळ्यात सुखी कैदी मी चार दिवस पाहिला.

पाचव्या दिवशी ताई खुलासा घेऊन आल्या. वहीच्या पानावर, सुवाच्य अक्षरात. सर तो वाचत असतानाच भाऊंचा फोन आला. त्यांचा आवाज फोनबाहेरही ऐकू येई.

‘सर, चार दिवस बाहेरगावी होतो, आज तुमच्या नावानं आत जाऊन राह्यलो, पण आर्णी नाही, दारव्हा नाही, नुसते तुमचे भाषणंच हायेत.’

ताईंनी मान वर केली. सरांनी फोन ठेवला, कागदाची घडी केली आणि मला हळूच विचारलं, ‘मलेबी कोंडलं का तुनं?’

‘सर, तुम्हाला लागतं ते सगळं आत आहे,’ मी म्हणाले.

त्यांनी पडद्यावर एकदा तारीख बघितली. मग ताईंना म्हणाले, ‘जा तुम्ही, गाडी चुकंन.’ चूक कुणाची, हे त्यांनी सांगितलं नाही. ताई उद्यापासून कामावर आहेत, एवढं त्यातून समजून घ्यायचं होतं.

मी ताईंना जिन्यापर्यंत सोडायला गेले. आभार मानतील, असं मला वाटलं होतं.

‘तुमाले पहिलेच मालूम होतं ना?’ त्यांनी विचारलं.

‘हो.’

‘कवापासून?’

‘पहिल्या दिवसापासून.’

त्यांनी पिशवी खांद्याला लावली. ‘आठ दिवस जेवण गोड लागलं नाही मले,’ त्या म्हणाल्या, आणि कठड्याला धरून खाली उतरल्या.