बिनधुराचं इंजिन

छंद हा शब्द मला आवडत नाही. मी शाळेत चित्रकला शिकवत होते तेव्हा मराठीच्या बाई दरवर्षी मुलांकडून ‘माझा छंद’ हा निबंध लिहून घ्यायच्या, आणि निम्म्या वर्गाला पोस्टाची तिकिटं जमवायचा छंद असायचा. तिकीट एकाच्याही घरात नसायचं.

म्हणून आमच्या घरात जे चालतं त्याला मी छंद म्हणत नाही, वेड म्हणते. माझा धाकटा भाऊ वाफेवर चालणारी छोटी रेल्वे इंजिनं बनवतो. कारखान्यात लेथवर उभं आयुष्य काढून निवृत्त झाला, आणि लोक काशीला जातात तसा हा मागच्या पडवीत गेला तो बाहेर आलाच नाही. त्याने लग्न केलं नाही, माझे यजमान गेल्यावर मी माहेरी आले, त्यामुळे वसईजवळच्या पापडीतल्या या घरात आम्ही दोघंच. तो पितळ कापतो, वाकवतो, डाख देतो, आणि इंजिन उभं राहिलं की माझ्यापुढे आणून ठेवतो. “ताई, एवढं बघ जरा.” एवढं म्हणजे रंगवणं. ते बघण्यात माझा अख्खा हिवाळा जातो.

रंगवणं म्हणजे काय ते लोकांना सांगण्यात अर्थ नाही. त्यांना वाटतं डबा उघडायचा आणि ब्रश फिरवायचा. पितळावर रंग धड बसत नाही. आधी ते घासायचं, धुवायचं, मग बोट न लावता अस्तराचा हात द्यायचा. त्यात आमच्याकडे समुद्राची खारी हवा, वाडीतली धूळ, आणि ओला रंग दिसला की त्यात मरायलाच येणारी चिलटं. मी इंजिन दुधावरच्या जाळीखाली वाळवते. दूध उघडं राहतं, आणि आमचं मांजर त्यामुळे भलतंच गुबगुबीत झालं आहे. अंगाला हिरवा, बॉयलरला काळा, आणि कडेने केसाएवढी पिवळी रेघ. ती रेघ ओढताना मी श्वाससुद्धा घेत नाही. त्या वेळी कुणी दाराची कडी वाजवली तर त्याला चहा मिळत नाही.

हे इंजिन त्याचं शेवटचं. नाटकीपणा म्हणून सांगत नाही. त्याच्या उजव्या हाताला कंप सुटला आहे. डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि वर सल्ला दिला, “एखादा छंद जोपासा, मन रमेल.” थरथरत्या हाताने मोहरीएवढा स्क्रू कसा बसवतात ते जरा करून दाखवा, असं मी त्यांना तिथेच म्हणणार होते. भावाने माझा पदर ओढला. शेवटचे स्क्रू मग मीच बसवले, तो शेजारी बसून सांगत होता, आणि मला येत नाही म्हणून माझ्यावर वैतागत होता.

पौषातल्या एका गार सकाळी त्याने ओसरीवर रूळ मांडले. बॉयलरखाली स्पिरिटचा दिवा पेटवला. बराच वेळ नुसतं पाणी गुरगुरलं, आणि मग धुराड्यातून पांढरीशुभ्र वाफ फकफक करत निघाली. इंजिन आपल्या जोरावर ओसरीच्या या टोकाहून त्या टोकाला गेलं. भाऊ उकिडवा बसून बघत होता. म्हणाला, “ताई, हे एकदा लोकांनी बघायला पाहिजे.”

या माणसाने जन्मात कुणाकडे काही मागितलं नाही. कारखान्यात पगारवाढ मागितली नाही, वाडीच्या वाटणीत नारळाचं एक झाड जास्त मागितलं नाही. मागून मागून काय मागितलं, तर लोकांनी बघावं. लोकांनी!

वसईत लग्नाच्या एका हॉलमध्ये मे महिन्यात हौशी मंडळींचं प्रदर्शन भरतं. मे महिन्यात का, तर लग्नाचे मुहूर्त नसलेला एखादा दिवस भाड्याला स्वस्त पडतो म्हणून. कलेची आमच्याकडे अशी कदर आहे. आम्हाला टेबल मिळालं ते एका बाजूला काड्यापेट्यांचा ताजमहाल आणि दुसऱ्या बाजूला आणखी एक इंजिन, यांच्या मधलं. ते दुसरं इंजिन नालासोपाऱ्याच्या टॉवरमध्ये राहणाऱ्या एका गृहस्थांचं होतं. प्लास्टिकचं, परदेशातून खोक्यात आलेलं, पोटात बॅटरी. पुढे पाटी, ‘हस्तनिर्मित’. हाताने खोकं उघडलं होतं, त्या अर्थाने बरोबरच होतं म्हणा. आणि त्या इंजिनाच्या धुराड्यात त्यांनी चक्क उदबत्ती खोचली होती. इंजिन गोल फिरत होतं, धूर निघत होता, आणि सगळीकडे मोगऱ्याचा वास. रेल्वे कसली, पालखी म्हणा.

मी त्यांना विचारलं, “हे काय?”

“मॅडम, पब्लिकला स्मोक पाहिजे,” ते हसून म्हणाले. “स्टीम वगैरे कोणाला कळतंय? तुम्हाला पाहिजे तर अगरबत्ती आहे माझ्याकडे.”

“आमचं खरं आहे,” मी म्हणाले आणि पाठ फिरवली. भाऊ रुळांवरून फडकं फिरवत राहिला.

प्रमुख पाहुणे ठरल्या वेळेच्या पुष्कळ नंतर आले, कारण लवकर आलं तर प्रमुख कसले. त्यांनी दीपप्रज्वलन केलं, तेव्हा हॉलमधले सगळे पंखे बंद झाले आणि कुणी हूं की चूं केलं नाही. आमचा स्पिरिटचा दिवा विझू नये म्हणून मी फक्त आमच्या डोक्यावरचा पंखा बंद करायला सांगितला, तर लगेच चार बायका वाळ्याच्या पंख्यासारखी निमंत्रणपत्रिका हलवत माझ्याकडे बघायला लागल्या. समईला मान आहे, बॉयलरला नाही. पाहुण्यांनी ताजमहालापुढे फोटो काढला, मग आमच्याकडे आले. “वा! मायलेज किती देतं?” असं विचारून स्वतःच मोठ्याने हसले, आणि त्यांच्यामागची माणसं त्यांच्याहून मोठ्याने हसली. इंजिनाचं पाणी तेव्हा कुठे तापत होतं. ते थांबले नाहीत.

पाणी तापलं. भावाने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि खटका सरकवला. इंजिन निघालं. दट्ट्या आतबाहेर होत होता, चाकं फिरत होती, माझी पिवळी रेघ दिव्याखाली चमकत होती. कुठे बॅटरी नाही, कुठे तार नाही. पाणी आणि विस्तव, एवढंच. आणि वाफ दिसेना.

हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. पौषात सकाळी माणसाच्या तोंडातून वाफ दिसते. मे महिन्यात दिसते का? श्वास तर तेव्हाही घेतोच की आपण. त्या उकाड्यात, बंद पंख्याखाली, धुराड्यातून निघालेली वाफ निघाल्या निघाल्या हवेत विरून जात होती. नुसती फकफक ऐकू येत होती, आणि तीही शेजारच्या मोबाइलवरच्या गाण्यात बुडत होती.

“याच्यातून धूर नाही येत?” एका बाईंनी विचारलं.

“हे वाफेवर चालतं,” भाऊ म्हणाला. “आत खरंच पाणी उकळतं आहे. बघा, इथे हात जवळ आणलात तर...”

“बिघडलंय वाटतं,” त्या बाई नवऱ्याला म्हणाल्या, आणि दोघं मोगऱ्याकडे गेले. तिथे मोबाइल वर धरून गर्दी उभी होती. आमच्यापुढे एक आजोबा राहिले होते, ते बसायला खुर्ची मिळेल का ते बघत होते.

मी भावाकडे पाहिलं. तो इंजिनाकडे बघतच नव्हता. तो शेजारच्या गर्दीकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा शाळेत बक्षिसाच्या यादीत नाव न आलेल्या पोरासारखा झाला होता. मला त्या सगळ्या लोकांचा इतका संताप आला, की मला वाटलं प्रत्येकाला बखोटीला धरून आणावं आणि त्या बॉयलरला हात लावायला लावावं. चटका बसला की कळलं असतं खरं काय ते. पण बॉयलरमधलं पाणी काही त्यांना अक्कल येण्याची वाट बघणार नव्हतं. ते संपत आलं होतं.

मी त्या टॉवरवाल्या गृहस्थांकडे गेले. “एक द्या,” मी म्हणाले.

ते हसले असते तर बरं झालं असतं. हसले नाहीत. “पूर्ण पुडा ठेवा ना मॅडम,” म्हणाले आणि काडीपेटीसुद्धा दिली. भला माणूस निघाला, याचा मला अजून राग आहे.

पहिली काडी मी धुराड्यात खोचली ती वाफेने भिजून लगेच विझली. खऱ्या इंजिनाला खोटा धूर चालत नव्हता. मग दुसरी अर्धी मोडली आणि धुराड्याच्या मागे, बॉयलरवरच्या पितळी घुमटाच्या आडोशाला, मीच दिलेल्या काळ्या रंगावर टेकवून ठेवली. भाऊ इंजिन थांबवून समोरच्या बाजूने पाण्याची पातळी बघायला वाकला होता. त्याने खटका सरकवला आणि इंजिन पुन्हा निघालं, मागे निळसर धुराची शेपटी.

लोक आले. कसे आले कुणास ठाऊक, उघड्या दुधावर मांजर येतं तसे आले. मोबाइल वर झाले. “खरं आहे हे, खरं आहे,” असं कुणीतरी म्हणालं. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. भाऊ सरळ उभा राहिला. त्याने दोन्ही हात टेबलावर टेकवले होते, त्यामुळे कंप कुणाला दिसत नव्हता. तो लोकांना दट्ट्या दाखवत होता, चाकं दाखवत होता, आणि एवढं भरभरून बोलत होता की गेल्या वर्षभरात माझ्याशी बोलला नसेल. मी काडीपेटी मुठीत धरून मागे उभी होते. त्यातला एकही माणूस मला आवडला नाही. पण एकही जाऊ नये असं वाटत होतं.

परतताना रिक्षात इंजिनाचं खोकं त्याच्या मांडीवर होतं. पापडी येईपर्यंत तो खड्ड्यांतून ते सांभाळत होता. मला वाटलं, त्याला काही कळलं नाही.

“ताई,” तो म्हणाला, “मोगऱ्याचा वास खोक्यातून येतोय.”

मी रस्त्याकडे बघत राहिले. आता हा बोलणार, की माझं शेवटचं इंजिन तू देवघरात नेऊन बसवलंस. बोलला असता तर बरोबरच होतं.

“पुढच्या खेपेला दोन लाव,” तो म्हणाला.

घुमटामागे रंगाला फोड आला होता. तो मी घासून पुन्हा रंगवला, पुन्हा दुधाची जाळी घातली. विरारला डिसेंबरात असंच एक प्रदर्शन आहे म्हणतात. थंडी पडली तर वाफ दिसेल. पण हॉलमध्ये कसली थंडी, आणि लोकांवर तर माझा मुळीच भरवसा नाही. म्हणून परवा मी तुळिंजच्या बाजारात जाऊन आले. मोगरा नको, गुलाब नको, चंदन नको. इंजिनाला वास येता कामा नये, एवढी तरी लाज आम्ही राखणार. तीन दुकानं पालथी घातली.

“बिनवासाची अगरबत्ती?” शेवटचा दुकानदार म्हणाला. “आजी, मग ती लावायची कोणाला?”

“इंजिनाला,” मी म्हणाले. “आणि दोन लागतात.”